कुऱ्हाडीआधी नजर

॥ श्री गुरवे नमः ॥



मृगाचा पाऊस सुरू झाला. या दिवसांत झाडं लावण्याचं निवेदन सगळ्या गटांत फिरतंच. आज मात्र आम्ही झाड लावण्याबद्दल नाही, झाड तोडण्याबद्दल लिहिणार आहोत. आमच्या बेळगावच्या केंद्रात गेल्या दोन वर्षांत जे घडलं ते. पहिल्या वर्षी आमच्या हातून चूक झाली. ती आम्ही आजवर कुठल्याच पत्रात लिहिली नव्हती. दुसऱ्या वर्षी तोच प्रसंग पुन्हा दारात आला आणि आम्हाला नीट विचार करावा लागला. असा प्रसंग तुमच्याही अंगणात येऊ शकतो, म्हणून हे पत्र.

काय घडलं

गेल्या वर्षी मार्चअखेरची गोष्ट. केंद्राच्या कुंपणाला लागून तीन नीलगिरी होत्या. त्यातली एक विजेच्या तारांकडे झुकली होती. वळवाच्या पावसाआधी ती काढायची ठरली. अर्ज केला, परवानगी आली, झाडवाला ठरला, लाईट बंद ठेवायची वेळही ठरली. सगळं रीतसर. सेवेला वीस-पंचवीस माणसं जमली होती. चहा होता, नाश्ता होता, नामस्मरण चाललं होतं.

डोक्यावर एक घार सारखी घिरट्या घालत होती. चिरक्या आवाजात ओरडत होती, मध्येच खाली झेपावत होती. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "बघा, गरुडच आलाय दर्शनाला." आम्ही हात जोडले. आणि करवत चालू झाली.

झाड पडल्यावर शेंड्याकडून काटक्यांचा भारा सुटून बाहेर आला. ते घरटं होतं. आत चिंध्या, कापूस, प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे. आणि एक भगवी चिंधी, जी आमच्याच उत्सवातल्या जुन्या पताकेची होती. दोन पिलं होती. एक जागच्या जागी गेलं. दुसरं आम्ही खोक्यात घातलं. कुणी दूधपोळी भरवायला बघितली, कुणी चोचीत पाणी सोडलं. दिवेलागणीपर्यंत तेही गेलं. घार पुढचे दोन दिवस त्या रिकाम्या जागेवर फिरत होती. ज्याला आम्ही दर्शन समजून हात जोडले, तो तिचा आकांत होता.

त्या संध्याकाळी आरती झाली, पण आवाज निघत नव्हता. मग एकमेकांची समजूत घालणं सुरू झालं. "आपल्याला कुठं माहीत होतं?" "मुद्दाम थोडंच केलं?" "सेवाच करत होतो ना आपण?" तिन्ही वाक्यं खरी होती. तरी त्यांनी कुणाचं समाधान झालं नाही. का झालं नाही, यावर आम्ही वर्षभर आपसांत बोलत राहिलो.

नकळत म्हणजे काय?

आपल्या परंपरेत गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांचा विचार आहे. त्यांना पंचसूना म्हणतात. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घरातली माउली स्वयंपाक करते, केर काढते, पाणी भरते, आणि त्यात तिच्या नकळत बारीक जीव मरतात. शास्त्र तिला चूल पेटवू नकोस असं म्हणत नाही. पण "नकळत झालं, सोडून दे" असंही म्हणत नाही. त्या नकळत हिंसेची आठवण रोज राहावी म्हणून पंचमहायज्ञ सांगितले आहेत, आणि त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे मुक्या जिवांसाठी काढून ठेवलेला घास.

यातून आम्हाला एक गोष्ट उमगली. नकळत दोन प्रकारचं असतं. एक, जे कळणं शक्यच नव्हतं. केरसुणीखाली आलेली मुंगी दिसत नाही. दुसरं, जे कळणं सहज शक्य होतं, पण आम्ही बघितलं नाही. घार ओरडून सांगत होती. झाडाखाली पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे होते, हाडकं पडली होती. महिनाभर आम्ही त्यावरून चालत होतो, झाडून काढत होतो आणि कावळ्यांना बोल लावत होतो. पंचवीस माणसांपैकी एकानं जरी मान वर केली असती तरी पुरलं असतं.

म्हणजे आमची चूक कुऱ्हाड चालवण्यात नव्हती, ती त्याआधीच झाली होती. न बघणं हेही कर्मच आहे. त्याचंही फळ असतं, आणि आमच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या पिलांना भोगावं लागलं.

कायदा काय सांगतो

पुढं आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी कायदा वाचून काढला आणि सर्वांना समजावून सांगितला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. बंदुकीनं मारणं म्हणजेच शिकार असं नाही. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं, हेही त्या व्याख्येत येतं. घार, शिक्रा, गरुड, घुबड हे सगळे या कायद्याच्या संरक्षणात आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे, झाड तोडायची परवानगी हातात असली म्हणून घरटं मोडायची परवानगी मिळत नाही. ते दोन वेगळे विषय आहेत. आमच्या हातात कागद होता म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण तो कागद फक्त झाडाचा होता.

आपल्या राज्यघटनेतही नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत जीवमात्रांविषयी दया बाळगणं सांगितलं आहे. कलम ५१ क. ती कर्तव्यं १९७६ मध्ये घटनेत आली.

पण एक सांगतो. कायदा कळल्यावर आमच्यातल्या काहींना भीती वाटली, आणि भीती वाटली तेव्हाच आम्हाला आमचं मन दिसलं. पिलं मेली तेव्हा वाईट वाटलं होतं. शिक्षा होऊ शकते असं कळल्यावर झोप उडाली. यातलं कुठलं दुःख मोठं होतं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. कायदा हवाच, कारण सगळ्यांच्या मनात दया एकाच वेळी जागी नसते. पण साधकानं कायद्याच्या धाकानं थांबावं आणि तेवढ्यावरच समाधान मानावं, हे काही खरं नाही.

यंदाची चिंच

यंदा एप्रिलमध्ये परीक्षा झाली. केंद्रामागच्या जुन्या चिंचेची एक मोठी फांदी वाळली होती. ती थेट पत्र्याच्या शेडवर आलेली. त्याच शेडमध्ये रविवारी मुलांचा संस्कारवर्ग भरतो, गुरुवारी महाप्रसाद शिजतो. फांदी काढायलाच हवी होती, यात दुमत नव्हतं.

या वेळी करवत लावण्याआधी झाडवाल्या मामांना आम्ही म्हटलं, आधी नुसतं वर चढून बघून या. ते अर्ध्यावर गेले आणि थांबले. वरूनच म्हणाले, "खाली या म्हंता काय? वर घारीची पिलं हाईत बघा. दोन हाईत." घरटं नेमकं ज्या बेचक्यातून वाळकी फांदी फुटली होती, त्याच बेचक्यात होतं. फांदी कापली असती तर घरटं हललंच असतं.

मग खाली अंगणात जी चर्चा झाली ती इथं मुद्दाम देतो. प्रत्येक घरात असे प्रश्न निघतात आणि ते प्रामाणिक असतात.

पहिला प्रश्न एका काकूंचा. "घार तर हिंस्र. तिची पिलं वाचवली तर ती मोठी होऊन पारव्याची, चिमणीची पिलं खाणार. मग आपण दया कुणावर केली?"

यावर आपल्याच महाभारतात मोठा विचार आहे. शिबी राजाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कबुतर राजाच्या मांडीवर येतं, ससाणा मागून येतो, राजा आपलं मांस तोलून देतो. आपण गोष्ट सांगताना कबुतराकडेच बघतो. पण त्या कथेत ससाणाही बोलतो. तो राजाला म्हणतो की तू माझा आहार काढून घेतलास, आता मी मेलो तर माझी बायकापोरंही मरतील. एका जिवाला वाचवताना तू किती जीव घालवतोस? एक धर्म पाळताना दुसरा धर्म मोडत असेल तर तो धर्म कसला, असा त्याचा सवाल आहे. राजा त्याला पापी म्हणून हाकलत नाही. त्याची भूक खरी आहे हे मान्य करतो आणि तिची किंमत स्वतःच्या देहातून देतो.

भागवताच्या एकादश स्कंधातही अवधूतांनी जे चोवीस गुरू सांगितले, त्यात मांसाचा तुकडा चोचीत धरलेला कुरर पक्षी आहे. शिकारी पक्ष्यालाही गुरू मानणारी ही परंपरा. आणि जनाबाईंना विठ्ठलाची माया सांगताना आकाशात हिंडणारी, पण पिलांकडे झेपावणारी घारच आठवली. भक्षक म्हणून तिचं आईपण कमी ठरलं नाही.

घारीचं म्हणाल तर ती मेलेली जनावरं, उंदीर, बाजारातली घाण यांवर जगते. आपण टाकतो ते ती उचलते. आणि गंमत बघा, आपल्या भागातल्या या घारीच्या शास्त्रीय नावातच 'गोविंद' आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या पक्ष्यांचं वर्णन करताना १८३२ मध्ये ते नाव दिलं. तरी हे सगळं बाजूला ठेवलं तरी उत्तर तेच राहतं. घारीनं काय खावं, हे ठरवण्याचं काम आपल्याकडं दिलेलं नाही. आपल्या हातातली करवत कुठं चालावी, एवढंच आपल्याकडं आहे. दुसऱ्याच्या हिंसेचा हिशेब मांडून आपल्या हिंसेला सूट घेता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. एका बापानं विचारला. "फांदी माझ्या पोराच्या डोक्यावर पडली तर? घारीचं पोर आधी की माणसाचं?"

हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही. माणसाचं पोर आधी, हे आम्ही सर्वांनी मान्य केलं. पण मग नीट बघितल्यावर लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता. निवड घारीचं पोर आणि माणसाचं पोर यांच्यात नव्हती. मुलं शेडमध्येच बसली पाहिजेत, असं कुठं लिहिलं होतं? निवड होती घारीची पिलं आणि आमची सोय यांच्यात. घारीचं पिलू महिना-दीड महिना घरट्यात असतं, मग उडतं. तेवढे दिवस जागा रिकामी ठेवायची, इतकंच करायचं होतं. पुष्कळदा आपण आपल्या सोयीला जिवाचा प्रश्न असं नाव देतो आणि मग दुसऱ्याचा जीव घ्यायला मोकळे होतो.

खरोखर दुसरा मार्ग नसेल, झाड रस्त्यावर कोसळायला आलं असेल, तर वनखात्याकडं जावं, परिस्थिती लेखी सांगावी, त्यांना झाड दाखवावं. निर्णय त्यांनी करावा. आपण आपल्याच बाजूचे न्यायाधीश होऊ नये.

तिसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता. झाडवाले मामा दोर गुंडाळत होते. त्यांच्याबरोबर दोन पोरं होती कामाला. टेम्पोचं भाडं झालेलं. आम्ही पुण्य पदरात पाडून घेत होतो आणि तिघांचा रोज बुडत होता. आमच्यातल्या एका वयस्कर भगिनीनं ते बघितलं आणि म्हणाली, "दया आपली आणि उपास त्यांचा, असं कसं चालेल?" मग त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी आणि भाडं दिलं. मामा आधी घेईनात. काम न करता पैसे कसे घेऊ, म्हणाले. आम्ही म्हटलं, तुम्ही आज बघण्याचं काम केलंत, गेल्या वर्षी तेच राहिलं होतं.

शिबी राजानं मांस स्वतःचं दिलं होतं, दुसऱ्याचं नाही. आपल्या दयेची किंमत आपणच मोजली तर ती दया. ती गरिबाच्या खिशातून जात असेल तर ते नुसतं मन रमवणं झालं.

पुढं काय झालं

शेडभोवती दोरी बांधली. संस्कारवर्ग एका साधकाच्या घरच्या ओसरीवर भरला. महाप्रसादाची चूल पुढच्या अंगणात आली, उन्हात. कुरकुर झाली. खरं सांगायचं तर बरीच झाली. घार दोनदा जवळून झेपावली, एका काकांची टोपी गेली. मग सगळे त्या बाजूनं जाणं टाळू लागले.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस झाला. वाळकी फांदी मधूनच मोडली आणि शेडवर पडली. दोन पत्रे फुटले. खाली कुणी नव्हतं. "सांगत होतो ना, वेळेत काढली असती तर पत्रे वाचले असते," असं म्हणणारेही होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पत्र्यांचा खर्च आम्ही वर्गणी काढून केला.

बेचकं शाबूत राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी घरट्याच्या कडेला दोन्ही पिलं बसलेली दिसली, भिजून अर्धी झालेली. आठ-दहा दिवसांनी एक पिलू फांदीवरून फांदीवर उड्या मारू लागलं, मग एका सकाळी समोरच्या गच्चीपर्यंत गेलं. दुसरं आम्हाला पुन्हा दिसलं नाही. ते उडालं की गेलं, आम्हाला ठाऊक नाही. सगळं आमच्या हातात नव्हतंच. जे आमच्या हातात होतं ते या वेळी झालं, इतकंच.

गेल्या वर्षीची दोन पिलं यामुळं परत आली नाहीत. मागच्या चुकीची भरपाई झाली असं आम्ही मानत नाही. प्रायश्चित्त म्हणजे हिशेब चुकता करणं नव्हे, तीच चूक पुन्हा होणार नाही असं वागणं, असं आता आम्हाला वाटतं.

आपल्या सर्वांसाठी

वेगवेगळ्या गावच्या कुटुंबांनी ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी:

१. झाडाला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं शांत उभं राहून वर बघा. पक्षी चोचीत काटकी किंवा खाणं घेऊन एकाच जागी येतोय का? खाली पांढरे शिंतोडे, हाडं, पिसं आहेत का? पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल तर तो काहीतरी सांगतोय असं समजा.

२. फक्त घरटं शोधू नका, ढोलीही बघा. पिंगळा आणि घुबड ढोलीत राहतात. घुबडाला अशुभ म्हणून हाकलू नये. लक्ष्मीचं वाहन म्हणून चित्रात पूजायचं आणि अंगणातून हाकलायचं, हे बरं नव्हे.

३. आपल्याकडं घारी साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पिलं वाढवतात. म्हणून छाटणी दिवाळीच्या सुमारास उरकली तर घारींना त्रास होत नाही. पण हा नियम सगळीकडं चालत नाही. गोव्यातल्या आणि कोकणपट्टीतल्या साधकांकडं समुद्रगरुड आहे. तो उंच झाडावर एकच मोठं घरटं वर्षानुवर्षं वापरतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यातच असतो. म्हणजे दिवाळीची छाटणी तिथं नेमकी चुकीची ठरेल. तारीख पाठ करून भागत नाही, प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

४. पिलू खाली पडलेलं सापडलं तर दूध, पोळी, भात देऊ नका आणि चोचीत पाणी ओतू नका. गेल्या वर्षी आम्ही प्रेमानं हेच केलं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा.

५. काम थांबवावं लागलं तर मजुराचा रोज आपण द्या.

बडोद्याच्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या घरांतूनही मोठी जुनी झाडं आहेत आणि त्यांवर घारी आहेत. कुणाच्या अंगणात असा प्रसंग आला असेल तर गटात जरूर लिहा. चूक झाली असेल तर तीही लिहा. आम्हाला लिहायला एक वर्ष लागलं, तुम्ही इतके दिवस लावू नका.

सद्गुरू आम्हाला नेहमी विचारायचे, "सेवा करताना डोळे उघडे होते का?" आम्ही समजायचो ते ध्यानाबद्दल बोलतायत. आता चिंचेखाली उभं राहिलं की त्या प्रश्नाचा साधा अर्थही कळतो.

रविवारी संस्कारवर्गात मुलांना हे पत्र वाचून दाखवावं, आणि मग त्यांना अंगणात नेऊन नुसतं वर बघायला सांगावं. त्यांना आपल्याहून लवकर दिसतं.

सर्वांचं कल्याण असो. जय गुरुदेव.

— बेळगाव केंद्रातील सर्व सेवेकरी